पोर्शची २००३ ची बॉक्स्टर एस घेऊ का? आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग) धास्ती वाटतेय

कोकणीगडी: मंडळी मी न्यू जर्सीत असतो, २००३ ची बॉक्स्टर एस बघून आलोय, गाडी एकदम चकाचक, पण बेअरिंग कधी बदललंय का विचारलं तर मालक गप्पच. ते गेलं की अख्खं इंजिन जातं म्हणतात, खरंय का?

ऑइलकाळा: खरंय रे. त्या इंटरमिजिएट शाफ्टवरच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या चेन चालतात, बेअरिंग सुटलं की टायमिंग बोंबलतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. २००३ म्हणजे सिंगल रो (बेअरिंगमध्ये गोळ्यांची एकच रांग), तेच जास्त नाजूक, आधीचं डबल रो त्यामानाने बरं. ऑइल फिल्टर कापून बघ, चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर सरळ घरी ये.

जुनागॅरेज: फिल्टर स्वच्छ म्हणजे बेअरिंग ठणठणीत असं मात्र नाही हां. आणि कमी चाललीये म्हणून हुरळू नकोस, नुसती उभी राहिलेली गाडी यात उलट वाईट. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हाच नवीन बेअरिंग टाकून घे, तो खर्च किमतीतून आधीच काप. २००६ ते २००८ वाल्यांचं बेअरिंग मोठंय, पण इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही.

कोकणीगडी: ओके, शनिवारी फिल्टर कापतो, मालकाने कापू दिला तर 😅