जुन्या मशीनवर कर्नल मॉड्यूल छाटायचे का?

सातपूरकर: अंबडच्या एका वर्कशॉपमधलं कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी, वर लिनक्स मिंट. त्यावरून सीएनसीला (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्राम जातात आणि चलनं छापतात. डिस्ट्रोचा (मिंटसारख्या तयार लिनक्सचा) कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जगभरच्या हार्डवेअरसाठी हजारो मॉड्यूल (लागेल तेव्हा चढणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) घेऊन येतो, या डब्याला शंभरभर पुरेत. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' (चालू मॉड्यूलपुरताच कर्नल बांधायची सेटिंग करणारी आज्ञा) चालवावं आणि बाकीच्यांना नारळ द्यावा, असं माझं मत.

गोदाकाठचा: नारळ देऊन मिळणार काय? डिस्कवर पडून असलेलं मॉड्यूल रॅम खात नाही. यूडेव्ह हा प्रोग्राम हार्डवेअर बघून लागेल तेवढंच चढवतो. रॅम खातो ब्राउझर, आधी त्याच्याकडे बघा.

शिवाय लोकलमॉडकॉन्फिग त्या क्षणी एलएसमॉडमध्ये (चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत) दिसतं तेवढंच ठेवतं. सीएनसीची यूएसबी-सीरियल केबल तेव्हा लावलेली नसेल तर तिचं मॉड्यूल, पीएल२३०३ किंवा सीएच३४१, गेलंच समजा. पेन ड्राइव्हचं यूएसबी-स्टोरेजही तसंच. मग रात्रपाळीचा ऑपरेटर केबल खुपसून बसलाय, पोर्ट दिसत नाही, आणि फोन कुणाला? तुम्हालाच!

सातपूरकर: म्हणून तर सगळं जोडून, एकदा वापरून, मगच यादी घ्यायची. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टवर आहे, म्हणजे पारपोर्ट-पीसी आणि एलपी ही मॉड्यूल हवीतच. आणि मुद्दा फक्त रॅमचा नाही हो. २०१७ साली डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या मॉड्यूलमध्ये साध्या युजरला रूट (मशीनवरचे सगळे अधिकार) मिळवून देणारं भोक सापडलं. एखाद्या प्रोग्रामने नुसतं त्याचं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडलं की ते मॉड्यूल आपोआप चढायचं, आणि हा प्रोटोकॉल आपल्यात वापरतं कोण?

गोदाकाठचा: हे पटलं. पण त्यासाठी कर्नल कशाला बांधायचा? मोडप्रोब-डॉट-डीमध्ये (मॉड्यूल चढवण्याचे नियम असलेल्या फोल्डरमध्ये) 'इन्स्टॉल डीसीसीपी /बिन/फॉल्स' एवढी एक ओळ बास, मॉड्यूल चढतच नाही. नुसतं ब्लॅकलिस्ट लिहून भागत नाही, नाव घेऊन मागितलं तर मॉड्यूल तरीही चढतं. स्वतःचा कर्नल म्हणजे प्रत्येक सुरक्षा अपडेटला पुन्हा कंपाइल. ते कोण करणार, वर्कशॉपचे शेठ?

कॉलेजरोडवाला: मधलं काहीतरी करा की. इनिट्रॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणारी मॉड्यूल असलेल्या फाइलच्या) कॉन्फिगमध्ये 'मोस्ट'च्या (बहुतेक सगळी) जागी 'डेप' (या मशीनला लागतील तेवढीच) लिहा. फाइल बरीच लहान होते, जुन्या हार्डडिस्कवरून लवकर वाचली जाते. फक्त मदरबोर्ड बदलून तीच डिस्क लावलीत तर बूट अडकू शकतं.

सातपूरकर: 'डेप' करतो. पण कर्नलही बांधणार, घरच्या मशीनवर कंपाइल करून डेब फाइल (इन्स्टॉल करायचं पॅकेज) घेऊन जाईन.

गोदाकाठचा: बांधा बापडे. फक्त मिंटचा मूळ कर्नल ग्रबच्या (बूट मेन्यूच्या) यादीतून उडवू नका, आणि तो निवडायचा कसा ते ऑपरेटरला दाखवून ठेवा.