कॅल्क्युलेटरचा एम्युलेटर: मूळ रॉम चुकांसह चालवावा, की सारे नव्याने लिहावे?

धागालेखक

जुन्या कॅल्क्युलेटरांची फोनवर किंवा संगणकावर चालणारी रूपे दोन तऱ्हांची असतात. एकीत, म्हणजे एम्युलेटरमध्ये, मूळ प्रोसेसरची नक्कल करून तिच्यावर रॉममधला, म्हणजे यंत्राच्या कायमस्वरूपी स्मृतीतला, कोड जसाच्या तसा चालवतात, तर दुसरीत यंत्राचे बाहेरून दिसणारे वागणे तेवढे नव्याने लिहितात. जतन करायचे असेल तर पहिलीच तऱ्हा खरी, असे माझे ठाम मत आहे. एचपी कंपनीच्या १९७२ साली आलेल्या एचपी-३५ या कॅल्क्युलेटरच्या सुरुवातीच्या यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून लगेच त्याच्या उलट क्रियेची कळ दाबली, की २.०२ ऐवजी नुसते २ येत असे. रॉम चिपमध्येच पक्का बसवलेला असल्यामुळे चूक सुधारायची म्हणजे चिप बदलणे आलेच. तो मूळ कोड चालवणारा एम्युलेटर आजही २ दाखवतो, आणि त्याने तेच दाखवले पाहिजे. एरवी त्या काळच्या अभियंत्याच्या हाती नेमके कोणते उत्तर पडत होते, हे यंत्रे बंद पडल्यावर कशावरून कळणार?

प्रतिसाद १

असहमत. कॅल्क्युलेटर हे हिशेबाचे साधन आहे आणि चुकीचे उत्तर जपून हिशेब करणाऱ्याचे काहीच भले होत नाही. फ्री४२ हे एचपी-४२एस या कॅल्क्युलेटरचे नव्याने लिहिलेले रूप, त्यात मूळ कोड मुळीच नाही. तरीही त्या यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालतात आणि त्याची दशमान आवृत्ती ३४ अंकांपर्यंत अचूकता राखते. शिवाय रॉमवर कंपनीचा स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे एम्युलेटर मोफत मिळाला तरी रॉम कोठून आणायचा, हा प्रश्न सामान्य माणसापुढे उरतोच.

धागालेखक

हक्काची अडचण खरी आहे, पण एचपीने आपल्या ४८ मालिकेतल्या कॅल्क्युलेटरांच्या रॉमबाबत एम्युलेटरांना मुभा दिली, म्हणजे परवानगी मिळूच शकत नाही असे नाही. आक्षेप आहे तो ३४ अंकांवर. ९ अंशांचा साइन, त्याचा कोसाइन, त्याचा टॅन्जंट काढावा आणि मग त्याच पायऱ्यांनी उलटे यावे. गणिताने उत्तर ९ च, परंतु प्रत्येक यंत्रात शेवटच्या काही अंकांत वेगळी खोट राहते आणि तिच्यावरून आतली चिप कोणत्या घराण्यातली, याचा अंदाज बांधता येतो. नव्याने लिहिलेल्या रूपात ही खूण पुसली जाते. लागोपाठची दोन उत्तरे तंतोतंत जुळेपर्यंत फिरणारा जुना प्रोग्रॅमही अंक वाढल्यावर वेगळ्या ठिकाणी थांबू शकतो.

प्रतिसाद २

दोघांच्याही बोलण्यातून कळफलक निसटला आहे. एचपी-३५ ची रुंद एंटर कळ अंगठ्याला न पाहता सापडते आणि दाबली गेल्याचे बोटाला जाणवते, म्हणून नजर कागदावरच राहते. काचेवरच्या चित्रात हे नाही, मग आत कोणताही कोड असो.

प्रतिसाद १

कळांबाबत पूर्ण मान्य. मात्र उत्तरे तंतोतंत जुळण्यावर विसंबलेला प्रोग्रॅम मुळातच कच्चा आहे, आणि त्याच्यासाठी बाकीच्यांनी एचपी-४२एस च्या १२ अंकांत अडकून राहावे, हे मला अजूनही पटत नाही.