गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, आणि मिश्रीचं काय?

दाढ काढून घरी आल्याबरोबर मिठाच्या गुळण्या सुरू करा, असं वर एकांनी लिहिलंय. मीठ-पाणी चांगलंच, पण पहिले २४ तास नको. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच खालच्या हाडाचं झाकण. जोरात चूळ भरली, सारखं थुंकलं की ती निसटते.

मिश्रीबद्दल, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीबद्दल, मात्र इथे कुणीच बोललं नाही, आणि आमच्या परभणीकडे घरोघरी बायका मिश्री लावतात. माझ्या आईची खालची दाढ काढली. दोन दिवस छान गेले, ताकात कालवलेल्या कण्या खात होती. तिसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं बोटावर मिश्री घेतली, खळखळून चूळ भरली. रात्री ठणका थेट कानापर्यंत, गोळीनंही उतरेना. डॉक्टरांनी टॉर्च धरून मला दाखवलं: खड्डा रिकामा, तळाला पांढरट हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात, तंबाखूनं त्याचा धोका वाढतो. त्यांनी खड्डा धुऊन लवंगतेलाच्या औषधाची पट्टी भरली, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला. दाढ काढायच्या आधीच डॉक्टरांना मिश्रीचं सांगा. बायका लाजून सांगत नाहीत हो, आपणच सांगायचं.