सामाईक मालकीचा गाळा आणि श्रमांची देवाणघेवाण : नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी?

नमस्कार. ऐरोलीत आम्ही चौदा जणी शिवणकाम आणि कोरड्या फराळाचे काम एकत्र करतो. यंत्रे सगळ्यांच्या वर्गणीतून घेतलेली आहेत आणि आता सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील एक लहान गाळा घेण्याचे ठरत आहे. सोडून जाणारीला तिचे पैसे परत मिळावेत, पण तिला किंवा तिच्या वारसांना गाळा विकायला लावता येऊ नये, अशी व्यवस्था आम्हाला हवी आहे.

चौदा जणींची नावे थेट करारनाम्यावर घातली, तर पुढे एखाद्या वारसाने वाटपाचा दावा लावल्यास, प्रत्यक्ष वाटणी होऊ न शकणारी मिळकत विकून पैसे वाटण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. विभाजन अधिनियम, १८९३ मध्ये तशी तरतूद आहे. भागीदारीत करारात वेगळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने संस्थाच विसर्जित होते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० मधील एक तरतूद मला मनापासून पटते, ती म्हणजे विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. मात्र तो कायदा धर्मादाय आणि तत्सम उद्देशांसाठी आहे, आणि आमचा उद्देश उपजीविकेचा आहे. उत्पादक कंपनीचा, म्हणजे कंपनी कायद्याखाली उत्पादक सभासदांनीच काढलेल्या कंपनीचा, अनुपालनाचा (कायदेशीर पूर्ततांचा) खर्च आम्हाला झेपणारा नाही.

म्हणून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० जवळचा वाटतो. भाग (शेअर) कितीही असले तरी प्रत्येकीला एकच मत, आणि दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, हे दोन्ही नियम आमच्या आजवरच्या वागण्याशी जुळतात. अडचण अशी, की नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात आणि आमच्यात मायलेकी व जावा-जावा बऱ्याच आहेत. स्वतंत्र शिधापत्रिका असलेल्या जावा वेगळ्या कुटुंबांतील धरल्या जातात का? ऐरोली ठाणे तालुक्यात असल्याने आमच्यासारख्या उत्पादक संस्थेचा प्रस्ताव ठाण्याच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडेच द्यायचा का?

दुसरा प्रश्न आमच्या तासांच्या वहीचा. गावाकडच्या सावडीप्रमाणे एकीने मुले सांभाळली की दुसरी तिचे कपडे शिवून देते, आणि हिशेब पैशांऐवजी तासांत राहतो. जीएसटी कायद्यात मोबदल्यासाठी केलेली अदलाबदलही ‘पुरवठा’ ठरू शकते. आमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असली, तरी संस्था नोंदवल्यानंतर ही वही संस्थेच्या हिशेबात घ्यावी की सभासदांचा आपसांतला व्यवहार म्हणून बाहेर ठेवावी? ज्यांनी अशा संस्थेचे पोटनियम प्रत्यक्ष मंजूर करून घेतले आहेत, त्यांनी सभासदत्व सोडताना भागभांडवल परत करण्याचे कलम कोणत्या शब्दांत लिहिले, तेही कृपया कळवावे.