मदत हवी आहे: शेंगा चटणी नेमकी किती खावी?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय ४४. तीन महिन्यांपूर्वी साखर बंद केली, चहात गूळ घातला, सकाळी कोमट पाण्यात मध सुरू केला, भात सोडून कडक भाकरी धरली. रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी. तरी वजन दोन किलो वाढलंच!

परवा लेकीने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि माझ्या ताटातली चटणीची वाटी त्यावर ठेवली. चटणी भरली ५० ग्रॅम. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी, म्हणजे नुसत्या चटणीच्या २८०. वर मी तेलाची धार सोडते ती वेगळीच. कडक भाकरी हलकी लागते म्हणून एक जास्त खात होते. पण वाळताना पाणी गेलं, पीठ तेवढंच राहिलं की! गूळही कॅलरीत साखरेच्या जवळपासच निघाला. मी तर आधी साखर एकच चमचा घालायचे, गूळ मात्र चांगला खडाभर घालत होते.

सासूबाई म्हणतात, "शेंगाने कुणी जाड होत नाही, आम्ही जन्मभर खाल्ल्या." पण त्या शेतात राबायच्या, मी दिवसभर खुर्चीत.

चटणी सोडायची माझी तयारी नाही, आधीच सांगते. तुम्ही जेवताना किती चमचे घेता? चटणीऐवजी दही किंवा पातळ पिठलं घेऊन कुणाला फरक पडला का? आणि चौघांच्या घरात महिन्याला तेल किती लागतं, तेही लिहा. आमच्याकडे पाच लिटरचा डबा पुरत नाही.