अनुभव धागा: ठरवलं एक, घडलं भलतंच

मी एक्सेल शीट करून फिरणाऱ्यांतला. सव्वाआठला नाश्ता, नऊला गाडी सुरू, असा. मागच्या हिवाळ्यात संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालो. सिल्लोडला चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "आज सोमवार. लेणी बंद." वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद, हे माझ्या डोक्यात नेमकं उलटं बसलेलं. बायको काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. "आता आलाच आहात तर कन्नडकडून पितळखोरं बघून जावा," टपरीवालाच म्हणाला. नावही ऐकलं नव्हतं! पायऱ्या उतरून दरीत गेलो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली लेणी, आणि बघायला आम्ही तिघंच. लेकीने जोत्यावरचे हत्ती मोजले, दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा. त्यावरून मायलेकींचं जे भांडण जुंपलं ते परत येईपर्यंत.

तुमचेही बेत असे फसले असतील तर येऊ द्या.

गवतीचहा
राजापूरच्या गंगेचं (कुंडांत अचानक झऱ्यांचं पाणी येतं ना, ती) प्लॅनिंग करून दाखवा कुणीतरी! साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण तिला कुठलं कॅलेंडर? मामाचा फोन आला, "गंगा आली गो!" आणि आईने कुकर उतरवून पिशवी भरायलाच घेतली. आरक्षण कुठलं मिळायला, जनरलच्या डब्यात पेपर अंथरून बसलो. सकाळी उन्हाळ्याला (गावाचं नाव, ऋतू नव्हे). अडुसष्ट वर्षांची माझी आई तांब्या घेऊन चौदाही कुंडांवर हिंडली. एरवी तिचे गुडघे बाजारापर्यंतही जात नाहीत.

ओटीपडवी
कौतुक पुरे. दिवाळीच्या सुट्टीत खोली न ठरवता तारकर्लीला गेलो होतो. "मिळेल गं कुठेही," इति नवरा. सोबत दोन पोरं आणि सासूबाई. अकरा घरी विचारलं, सगळीकडे फुल्ल. रात्री साडेदहाला देवबागेत एका काकूंनी पडवीत गाद्या घातल्या. नवरा आता हा किस्सा रंगवून सांगतो, सकाळच्या घावन-चटणीसकट. त्या काकूंना झोपेतून उठून पाच माणसांचा भात टाकावा लागला, तेवढं मात्र गाळतो. ज्यांना स्वच्छतागृह शोधावं लागत नाही त्यांनाच अचानक ट्रिपा सुचतात, असं माझं मत झालंय.

भरतीओहोटी
धोपाव्याला शेवटची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली. समोर दाभोळचे दिवे, मध्ये वाशिष्ठी, आणि रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा. धक्क्यावर एक पोरगा गळ टाकून बसला होता, त्याच्या शेजारी बसलो. दोन तासांत एक मासा लागला नाही. तरी उठवेना.

धागाकर्ता
ओटीपडवी, पटलं. मुक्काम आधी ठरवणारच. पण शीटमध्ये आता रोज दुपारनंतरचा रकाना रिकामा ठेवतो. काल उघडून पाहिलं तर बायकोने पहिल्याच रकान्यात लिहून ठेवलंय: 'वार तपासणे'.