मदत हवी आहे : सियाझची पुढची जाळी तुटली. बाहेरची काळी बसवू की ओरिजिनलच? (परभणी)

राम राम मंडळी.

गाडी मारुती सियाझ, पेट्रोल, २०१६ चं मॉडेल, ९१,००० किलोमीटर पळालेली. मागच्या आठवड्यात पाथरीजवळ रसवंतीवर थांबलो होतो. पुढं उसाची रिकामी ट्रॉली उभी. ट्रॅक्टरवाल्या पोरानं मागं न बघता रिव्हर्स टाकला आणि ट्रॉलीच्या फळीचा कोपरा सरळ जाळीत. बंपरला नुसता ओरखडा, पण जाळीच्या तीन पट्ट्या गेल्या, डाव्या अंगाची दोन लॉकं तुटली आणि लोगो मी ट्रॉलीखाली वाकून शोधून आणला. पोरगं रडकुंडीला आलं होतं, त्याच्याकडून काय घ्यावं? त्यानं रसाचे पैसे दिले, हिशेब मिटला. सध्या जाळी केबल टायनं बांधून फिरतोय.

आता प्रश्न. ओरिजिनल जाळीचा भाव ३,४०० सांगितलाय, ती पण मागवावी लागेल. इथल्या एका ॲक्सेसरीवाल्याकडं काळी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आहे, २,२०० ला. दिसायला झकास. माझा पोरगा तर तिच्यावर लट्टू आहे, त्यातही लाईटवाली पाहिजे म्हणतोय. मेव्हण्याचं वेगळंच : "दाजी, जाळीचं काय घेऊन बसलाव, पुढं लोखंडी गार्डच टाका की." बायको म्हणते केबल टाय चांगले आहेत.

माझी खरी भीती उन्हाची. इथला मे महिना तुम्हाला माहीत आहे. महिन्यातून दोनदा जिंतूर-मंठा-जालना करत संभाजीनगरला जाणं होतं, एसी फुल्ल. शिवाय कापसाच्या दिवसांत मानवतकडं जाणं असतं, तेव्हा रस्त्यानं सरकी-कापसाचा पिंजलेला कचरा उडत असतो. काळ्या जाळीनं हवा अडून गाडी तापणार तर नाही ना? कुणी बसवली असेल तर सांगा. जगात जर्मनी, भारतात परभणी, पण सियाझची जाळी काही परभणीत मिळंना.

— काळी_माती

गोदाकाठ :
मेव्हण्याचं ऐकू नका. गार्डवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणलीय. धक्का बसला की बंपर आधी चेपायला पाहिजे, तशीच त्याची रचना असते. गार्ड तो मार सरळ चॅसीला देतो आणि एअरबॅगचं टायमिंग बिघडू शकतं. समोर माणूस आला तर त्याचं काय होईल ते वेगळंच.

ढाब्यावरचा_चहा :
दादा, इन्शुरन्स क्लेम का नाही केला?

काळी_माती :
एजंटला विचारलं होतं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नाही माझ्याकडं. प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मा घसारा, म्हणजे १,७०० राहिले. १,५०० सीसीच्या आतल्या गाडीला वरचे १,००० आपल्याच खिशातले. हातात ७०० येणार आणि नो क्लेम बोनस जाणार. सोडून दिलं.

जुनं_इंजिन :
आता कामाचं बोलतो. मी वीस वर्षं गाड्या खोललेल्या आहेत.

पुढून बघितलं तर आधी जाळी, मग एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर, त्याच्या मागं रेडिएटर आणि पंखा. जाळीनं हवा अडवली तर पहिला दणका एसीला बसतो. इंजिन तापल्याचा काटा-बिटा नंतर. गाडी पळती असली की पंख्यापेक्षा समोरून येणारी हवाच जास्त काम करते, त्यामुळं रेल्वे फाटकावर उभं असताना आणि ८० नं जाताना त्रास वेगवेगळा जाणवतो.

ती काळी जाळी दुकानातच उलटी करून बघा. पुढून पोळ्यासारखी दिसते, पण पुष्कळ मालात मागून निम्मी भोकं बुजवलेली असतात, नुसता देखावा. पाठीमागून मोबाईलचा टॉर्च लावा आणि पुढून बघा किती उजेड येतो. उजेड येतो तेवढीच हवा.

अजून एक : तुमची २०१६ ची आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये सियाझचं तोंड बदललं, जाळी, हेडलाईट, बंपर सगळंच. दुकानदार "सियाझची आहे" म्हणून नव्या तोंडाची गळ्यात मारेल. ती बसणार नाही, आणि मग तो स्क्रू मारून, सिलिकॉन भरून बसवायला निघेल. तसलं काही करू देऊ नका, उद्या बंपर काढायची वेळ आली की रडाल.

सोयाबीन_४१००_पार :
जाळीच्या मागं बारीक मच्छर जाळी लावली तर कापूस आत जाणार नाही ना? आमच्याकडं गंगाखेडला एकानं लावलीय.

जुनं_इंजिन :
लावा, पण हिशेब बघा. ४ मिमी भोक आणि १ मिमी तार असेल तर मोकळी जागा ६४ टक्के, बाकी तारच. १० मिमी भोक आणि दीड मिमी तार असेल तर मोकळी जागा पाऊणशे टक्क्यांवर जाते. मच्छर जाळीत कोरी असताना हवा बऱ्यापैकी जाते, पण एकदा मानवतची फेरी झाली की तिच्यावर गादी तयार होते. मग दर फेरीला खाली उतरून हातानं पुसणार का? त्यापेक्षा मोठं भोक ठेवा आणि सीझनला महिन्याला एकदा कंडेन्सर साफ करा. इंजिन थंड असताना, साध्या नळाच्या पाण्यानं, समोरून सरळ. प्रेशरचं पाणी तिरकं मारलं की ॲल्युमिनियमची पत्ती वाकते, आणि वाकली की तिथून हवा बंदच.

ढाब्यावरचा_चहा :
आणि लाईटवाली तर नकोच. पुढं लाल उजेड दिसणं नियमातच नाही, आणि ते लोक वायर टोचून जोड देतात, फ्यूज-बिज काही नाही. पोराला मोबाईलचं कव्हर घ्या लाईटवालं.

काळी_माती :
जुनंइंजिन काका, आज दुकानात जाऊन उलटी करून बघितली. तुम्ही म्हणालात तेच. वरच्या दोन ओळी सोडल्या तर सगळी भोकं बंद! टॉर्च लावला तर दुकानदार म्हणतो, "साहेब, लोकं ही दिसायला घेतात, हवेला कोण घेतं." खरं बोलला बिचारा. पोरगा सोबतच होता, त्यानं स्वतः बघितलं, आता गप्प आहे.

संभाजीनगरला जुन्या मालवाल्याकडं ओरिजिनल जाळी सापडली, १,३०० ला. क्रोम जरा उडालेलं आहे. तिलाच मॅट काळा रंग दिला तर? पोराचं पण मन राहील.

गोदाकाठ :
द्या, पण क्रोमवर रंग सरळ मारू नका, पहिल्याच पावसाळ्यात साल निघेल. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, मग प्लॅस्टिकचा प्रायमर, मग रंग. पातळ पातळ तीन हात. नाहीतर काळं विनाइल चिकटवा, मन बदललं तर काढता येतं. लोगो आधी काढून ठेवा, त्याच्यावर रंग गेला तर सगळी शोभा जाते.

काळी_माती :
काल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. उघडून बघतो तर ह्या जाळीचं उजवीकडचं एक लॉक तुटलेलं. माझ्या जुन्या जाळीचं डावीकडचं गेलेलं, उजवं शाबूत. म्हणजे दोन लंगड्या मिळून एक चालती करायची. जुनीचं लॉक कापून ह्याला चिकटवायचंय. फेविक्विकनं धरेल का?

जुनं_इंजिन :
फेविक्विक गाडीच्या हादऱ्यात टिकत नाही, ठिसूळ असतं. पाठीमागं बघा, प्लॅस्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस असेल तर सोपं : तुटक्या पट्टीचे तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर टाका, सकाळी मधासारखा गोळा होईल. दोन्ही तोंडांवरचं क्रोम खरवडून तो लावा, दाबून बांधा, एक दिवस हात लावू नका. हे बाहेर अंगणात करा, चूल-बिडीपासून लांब. पीपी लिहिलेलं असेल तर ॲसिटोन काही करत नाही, तिथं गरम कावियानं जोडावं लागेल.

काळी_माती :
एबीएस लिहिलंय. बाटली माळवदावर ठेवलीय. बायको विचारतेय, केबल टायमध्ये काय वाईट होतं.